घरामागचं छोटं तळं : फिल्टर आणि पाइपिंग कसं करावं?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी,

नाशिकला घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे छोटं तळं करतोय. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल. खड्डा खणून झालाय. पुढचं काम मुद्दाम थांबवलंय, कारण पाइप कुठून कसे न्यायचे ते आधी पक्कं करायचंय. आईला कुमुदिनी लावायच्या आहेत, मुलांना गोल्डफिश हवेत, आणि मला तळाचा गोटा दिसेल इतकं स्वच्छ पाणी हवंय.

मनातला बेत असा : तळाशी सबमर्सिबल पंप, त्याला एक इंची पाइप, बाहेर दोनशे लिटरचा निळा ड्रम. ड्रममध्ये खाली कोळसा, मध्ये गोटे, वर स्पंज. ड्रममधून पाऊण इंची पाइपने पाणी परत तळ्यात.

पंप किती लिटरचा घ्यावा? खड्ड्याला आरसीसी करावं की शेततळ्याचा कागद अंथरावा? आमच्याकडे द्राक्षबागांमुळे कागदवाले भरपूर, म्हणून तिकडे मन ओढतंय. माती काळी आहे, पाणी बोअरचं. दिवसातून एखाद वेळ वीज जातेच. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पाणक्या

पाइप आधी आणि बांधकाम नंतर, हे अगदी योग्य केलंत. आधी पाणी मोजू. ८ × ५ × २ म्हणजे ८० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे २,२६४ लिटर. कडा थोड्या तिरक्या घेतल्या तर दोन हजार धरा. मासे असतील तर एवढं पाणी तासा-दीड तासात एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. म्हणजे ड्रमच्या तोंडाशी ताशी दीड ते दोन हजार लिटर पडायला हवेत.

पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. उंची मोजायची ती तळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून ड्रममध्ये पाणी पडतं तिथपर्यंत. पंप पाण्यात किती खोल ठेवलाय याने फरक पडत नाही, कारण वरचं पाणी त्याला तेवढाच दाब देत असतं. पुष्कळ जण पंपापासून मोजतात आणि विनाकारण मोठा पंप घेतात. तुमचा ड्रम तीन फुटी, खाली फूटभर ओटा, झाले चार. पाइप आणि एल्बोंची अडवणूक फूटभर धरा. पाच फूट म्हणजे दीड मीटर. खोक्यावर 'एच मॅक्स (म्हणजे पाणी चढायची कमाल उंची) ३ मीटर, ताशी ४,००० लिटर' असेल तर दीड मीटरला अंदाजे निम्मं पाणी मिळतं. तुम्हाला तेवढंच हवंय. बसवल्यावर ड्रमच्या तोंडाशी वीस लिटरची बादली धरा. छत्तीस सेकंदांत भरली तर ताशी बरोबर दोन हजार.

हा पंप चोवीस तास चालायचाय, म्हणून वॅट बघून घ्या. साठ वॅटचा पंप दिवसाला दीड युनिटच्या आत खातो, महिन्याला त्रेचाळीस-चव्वेचाळीस युनिट.

आता परतीचा पाइप. पाऊण इंची अजिबात नको. पंपाकडून येणारं पाणी दाबाने येतं, ड्रममधून जाणारं फक्त उताराने जातं. एक इंचीतून जेवढं आत येतं तेवढं नुसत्या उताराने बाहेर जायला दोन इंची लागतो. नाहीतर ड्रम तोंडातून वाहायला लागतो आणि रात्रीतून तळं बागेत जातं.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : तुमच्या आराखड्यात गाळ बाहेर काढायला वाटच नाही. सहा महिन्यांनी तो स्पंज, ते गोटे, तो कोळसा हाताने उपसायला लागेल, आणि ते काम कोणी दुसऱ्यांदा करत नाही. पंपावरचे चार पैसे वाचवा आणि ते ड्रमच्या बुडाशी दोन इंची बॉल व्हॉल्व्हवर घाला. जो फिल्टर एक मूठ फिरवून धुता येतो, तोच धुतला जातो.

द्राक्षवेल

पाणक्यादादा, फार मोलाचं लिहिलंत. पंप आणि परतीचा पाइप समजला. गाळाचा व्हॉल्व्ह नेमका कसा बसवायचा? बाहेरून नट आवळता येतो, पण ड्रमच्या बुडाला गोलाई आहे. आणि ड्रममध्ये मी कोळसा धरलाय, तो ठेवावा का?

सूक्ष्मजीव

कोळशाचं मी सांगते. कोळसा रंग आणि वास शोषतो, पण थोड्या दिवसांत भरून जातो आणि मग नुसता काळा खडा उरतो. घरातल्या छोट्या टाकीत औषधाचा अंश काढायला तो ठीक. दोन हजार लिटरच्या उघड्या तळ्यात त्याचा काही उपयोग नाही.

फिल्टरमधलं खरं काम जिवाणू करतात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनिया होतो. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा गटातले त्याचं नायट्रेट करतात. पहिली दोन माशांना विषारी, तिसरं झाडांचं खत. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून ज्यात पृष्ठभाग जास्त ते माध्यम चांगलं : लाव्हा दगड, सिरॅमिकच्या रिंगा, भाजक्या विटेचे तुकडे. गुळगुळीत गोट्यांचा पृष्ठभाग फारच कमी, त्यामुळे त्यांच्याने एवढा भार पेलत नाही.

त्यांना प्राणवायू लागतो, भरपूर. गाळ त्यांच्यावर बसला की ते गुदमरतात. म्हणून पाणक्यादादा गाळाचं म्हणाले ते केवळ साफसफाईच्या सोयीसाठी नाही. गाळ आधी, जिवाणू नंतर, हा क्रम मोडला की बाकी सगळं व्यर्थ.

वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एक-दोनच मासे आणि चिमूटभर खाणं. ओळखीच्या कोणाकडे चालू तळं असेल तर त्यांच्या फिल्टरमधली मूठभर माध्यमं ओली असतानाच आणून टाका, वेळ बराच वाचतो. आणि माध्यमं कधीही नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने धुऊ नका. तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन हलकेच खंगाळा, तीही एका वेळी अर्धीच.

तळकोकण

आमच्याकडे सिंधुदुर्गात तळं आहे, म्हणून कागद की सिमेंट यावर लिहितो. शेततळ्याचा पाचशे मायक्रॉनचा कागद टिकतो, पण त्याची घडी कोपऱ्यात नीट बसत नाही आणि प्रत्येक घडीत गाळ साठतो. शिवाय कागदातून पाइप काढायचा म्हणजे फ्लँज लावून भोक पाडायचं, आणि गळती सुरू झालीच तर तिथूनच होणार. कागद घेतलात तर भोक पाडूच नका, पंपाचा पाइप काठावरून वर घ्या.

आरसीसी केलंत तर तळाला मध्याकडे उतार द्या आणि कॉंक्रीट ओतण्याआधी दोन इंची पाइप गाडून घ्या. नंतर फोडून बसवलेला पाइप पाझरतोच. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून खाली मुरूम ठोकून घ्या, सळई कमी करू नका.

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाण्याचा पीएच चढतो, मासे मरतात. तळं भरा, आठवडाभर ठेवा, रिकामं करा, असं तीन-चारदा करा. आमच्याकडे जुनी माणसं त्यात केळीच्या खांबाचे तुकडे टाकून ठेवतात. ते कुजताना आम्ल सुटतं आणि चुना लवकर उतरतो. पीएच साडेआठच्या खाली येऊन तिथेच राहिला की मग मासे.

आमच्या जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खातात, मग आमच्याकडे पीएच उलट घसरतो. त्यावर फिल्टरमध्ये तिसऱ्यांच्या शिंपल्यांची एक पिशवी टाकून ठेवलीय. तुमचं बोअरचं पाणी काळ्या दगडातलं, जड असणार, तुम्हाला गरज पडायची नाही.

पांढरी_कुमुदिनी

थोडं वेगळं मत मांडते. दोन हजार लिटर, पाच-सहा गोल्डफिश आणि कुमुदिनी. एवढ्यासाठी गाळाला एक, जिवाणूंना एक असे दोन-दोन ड्रम आणि बाजारातली माध्यमं कशाला? काठाला दोन फूट रुंद, सहा फूट लांब, दीड फूट खोल वाफा बांधा. त्यात खडी भरा आणि कर्दळ लावा. पंपाचं पाणी वाफ्यात खालून सोडा, खडीतून वर चढू द्या, आणि वरून पातळ धारेने तळ्यात पडू द्या. खडीवर जिवाणू बसतात, नायट्रेट कर्दळ खाते. कर्दळीबरोबर वेखंड लावलं तर फारच छान. पुण्यात माझ्या मागच्या अंगणात अशीच रचना आहे आणि पाणी नितळ असतं.

एक कळकळीची विनंती. कोणी 'नायट्रेट खाते' म्हणून जलपर्णी दिली तर घेऊ नका. ती ॲमेझॉनकडची वनस्पती आहे. मुळा-मुठेत, पाषाण तलावात, कोल्हापूरला पंचगंगेत तिने काय केलंय ते सगळ्यांनी पाहिलंय. परसातली चार रोपं पावसाच्या लोंढ्यात नाल्यात गेली तर ती परत येत नाहीत.

पाणक्या

कुमुदिनीताई, कर्दळीचा वाफा उत्तम, मी स्वतः लोकांना सुचवतो. पण पंपाचं पाणी थेट खडीत गेलं तर दोन-तीन वर्षांत खडीच्या सांदी भरतात, वाफा काठावरून वाहू लागतो, आणि मग सात-आठशे किलो खडी उपसून धुवावी लागते. तुमच्याकडे मासे किती आणि खाणं किती यावर ते अवलंबून असेल.

पांढरी_कुमुदिनी

मासे चारच आहेत आणि खाणं दिवसाआड. मुलं घरात असतील तर खाणं जास्त पडणार, हे खरं. मग वाफ्याआधी गाळ बसायला एक ड्रम ठेवावा, हे मला मान्य.

पाणक्या

मग द्राक्षवेल, तुमच्यासाठी हेच करू : एक ड्रम गाळासाठी, त्यानंतर कर्दळीचा वाफा. दुसरा ड्रम नको. आता बसवणी लिहितो.

ड्रम सातपूर-अंबडच्या भंगारवाल्यांकडे मिळेल, पण आधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यतेल, फळांचा गर, ग्लिसरीन चालेल. रसायनाचा वास येत असेल तर कितीही धुतलेला असो, नको. ओट्याला एका बाजूला इंच-दीड इंच उतार द्या, म्हणजे गाळ त्या कोपऱ्यात आपसूक येतो. व्हॉल्व्ह त्याच बाजूला, बुडापासून जेवढा खाली बसेल तेवढा खाली. भोक होल-सॉने पाडा, तापवलेल्या सळईने नको, कारण वितळलेल्या कडेवर वॉशर बसत नाही. टँक निपलचा (ड्रमच्या भोकात बसणाऱ्या आट्यांच्या तुकड्याचा) रबरी वॉशर ड्रमच्या आतल्या बाजूला. नट हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बस. जास्त आवळला की रबर बाहेर सरकतो. गोलाईवर दोन इंची निपल नीट बसत नसेल तर दीड इंची घ्या, पण वॉशर जाड घ्या.

पाणी ड्रममध्ये वरून सरळ पडू देऊ नका. एक इंची पाइप अर्ध्या उंचीपर्यंत खाली न्या आणि टोकाला एल्बो लावून तोंड भिंतीला समांतर करा. पाणी ड्रममध्ये गोल फिरत राहतं, जड गाळ मध्यात जाऊन खाली बसतो, नितळ पाणी वरून दोन इंचीतून वाफ्याकडे जातं. त्या बाहेरच्या तोंडाआधी दोन-तीन ब्रश उभे टांगा. ड्रमवर झाकण हवंच, डासांसाठी.

दोन इंची पाइप ड्रमपासून वाफ्याच्या बुडापर्यंत सतत उतरता न्या. मध्ये चढवून पुन्हा उतरवलात तर त्या उंचवट्यात हवा धरते आणि प्रवाह अडतो. चढ टाळता येत नसेल तर तिथे टी लावून वीतभर उभा पाइप वर उघडा ठेवा. १७५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे जो नळ आणला, त्यावर याच कामासाठी उच्छ्वास बांधलेत. संभाजीनगरला मलिक अंबरच्या नहरीवरही हवा सुटायला तसेच मनोरे आहेत. पाणी तेच, हवा तीच. ज्यांना हे काम जवळून पाहायचंय त्यांनी ते उच्छ्वास एकदा जरूर बघावेत.

वाफ्याच्या बुडाशी पाइपला खाचा पाडून आडवा ठेवा, त्यावर वीस मिलीमीटरची धुतलेली खडी. बारीक खडी किंवा वाळू नको. एका कोपऱ्यात तीन इंची उभा पाइप तळापर्यंत सोडून ठेवा. वर्षातून एकदा त्यात पंप उतरवून तळाचा गाळ ओढता येतो.

पंपाजवळ आणि ड्रमजवळ युनियन (हाताने खोलता येणारा जोड) लावा, व्हॉल्व्हच्या पुढे-मागेही. युनियन नसेल तर पंप बदलताना पाइप कापावा लागतो. पांढरा पाइप उन्हात ठिसूळ होतो, दिसतो तेवढा भाग रंगवा किंवा मातीखाली घ्या. सॉल्व्हंट लावलेला जोड एक दिवस सुकू द्या, मगच पाणी.

बर्फाळ_ओसरी

टोरांटोहून. इथे तळी खोल खणतात ती हिवाळ्यात वरचं पाणी गोठलं तरी माशांना खाली जागा राहावी म्हणून. नाशिकला बर्फ नाही, पण मे महिना आहे. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना ७.६. उथळ पाणी लवकर तापतं, म्हणून दोन फूट खोली कमी वाटते. जमल्यास निम्म्या भागात अडीच-तीन फूट करा.

द्राक्षवेल

अजून सिमेंट पडलेलं नाही, एका बाजूला तीन फूट करतोच. एका ओळखीच्या माणसाने सुचवलंय की ड्रम जमिनीत पुरा, तळ्याच्या पातळीला, म्हणजे पाणी आपोआप ड्रममध्ये येईल आणि पंप शेवटी स्वच्छ पाण्यात बसेल. त्यात काही अर्थ आहे का?

पाणक्या

अर्थ आहे. पंप गाळाचं बारीक पीठ करतो, मग ते बसायला वेळ लागतो. पाणी उताराने ड्रममध्ये आलं तर गाळ अखंड येतो आणि लगेच बसतो. पण त्याला तळातून चार इंची पाइप हवा, आणि गाळ सोडायला ड्रमच्याही खाली जागा हवी. तुमच्या सपाट परसात ती कुठून आणणार? त्यात काळी माती. पावसाळ्यात भोवती पाणी साठलेलं असताना ड्रम रिकामा केलात तर दोनशे लिटरचा ड्रम जवळजवळ दोनशे किलोच्या जोराने वर उचलला जातो, सगळे जोड तुटतात. जमिनीच्या वरच ठेवा. पंप फक्त गाळ गिळणारा, मोठ्या जाळीचा घ्या.

अर्थिंग_हवंच

सगळं पाण्याचं चाललंय, विजेचंही बोलू. तळ्याची लाइन वेगळी घ्या आणि तिला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावा. एमसीबी माणसाला वाचवत नाही, ती तार वाचवते. सॉकेट पावसापासून झाकलेलं आणि पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा प्लग उपसा, नुसतं बटण बंद करून भागवू नका. घरात मुलं आहेत म्हणून पुन्हा सांगतो, इथे काटकसर नको.

वीज गेल्यावर काय, तर पाच-दहा वॅटचा हवेचा पंप इन्व्हर्टरवर टाका. त्याच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा एक दगड तळ्यात, एक वाफ्याच्या उभ्या पाइपात.

सूक्ष्मजीव

याला जोडून : वीज बरेच तास नव्हती तर परत आल्यावर पंप सुरू करण्याआधी ड्रमचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी सोडून द्या. प्राणवायू संपलेलं, कुजकं पाणी एकदम तळ्यात गेलं तर मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात.

आणि सुरुवातीला पाणी हिरवं झालं तर घाबरू नका. ते तरंगतं शेवाळ आहे, कोणत्याही स्पंजात अडकत नाही. कुमुदिनीच्या पानांनी अर्धं पाणी झाकलं की ऊन कमी होतं आणि ते आपोआप ओसरतं. घाई असेल तर यूव्हीचा दिवा लावतात, पण तो साधारण वर्षाने बदलावा लागतो. मला तुमच्या तळ्याला तो लागेलसं वाटत नाही.

द्राक्षवेल

डासांचं आईने विचारलंय. शेजारी गेल्या वर्षी डेंग्यू झाला होता.

तळकोकण

पाणी हलतं असेल आणि मासे असतील तर तळ्यात अळी राहत नाही, गोल्डफिशही अळ्या खातात. धोका साचलेल्या कोपऱ्यांचा : ड्रमचं झाकण, कुंड्यांच्या ताटल्या, अर्धवट पाइपचे तुकडे. एडिसचा डास असल्या थोडक्या पाण्यातही अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. गप्पी मासे सोडायचे असतील तर तळ्यातच ठेवा, ओढ्यात जाऊ देऊ नका. बेडूक आपोआप येतील, त्यांच्या मागे एखादी दिवडही येईल. ती बिनविषारी आहे, तिला मारू नका.

द्राक्षवेल

आता अंतिम आराखडा मांडतो, तपासा. आरसीसी, तळाला उतार, सर्वात खोल जागी पंप. एक इंची पाइप ड्रमला, तिथून दोन इंची कर्दळीच्या वाफ्याला, वाफ्यातून रुंद धार तळ्यात. ड्रमचा दीड इंची गाळ-व्हॉल्व्ह, त्याचा पाइप केळीच्या आळ्यात. उन्हाळ्यात पाणी घालायला बोअरचा अर्धा इंची नळ, त्याला फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप उघडणारा).

पाणक्या

तीन गोष्टी बदला. पंप अगदी खोल जागी ठेवू नका, तिथून वीतभर वर एका विटेवर ठेवा. बाहेर कुठे पाइप फुटला तर पंप पंपापर्यंतचंच पाणी उपसेल आणि खालच्या खड्ड्यात मासे जगतील. तळाचा गाळ तळकोकण यांनी सांगितलेल्या गाडलेल्या पाइपाने काढा, त्यालाही बाहेर व्हॉल्व्ह द्या.

दुसरं, ओव्हरफ्लो राहिलाय. तळ्याचा काठ जमिनीपेक्षा चार इंच वर घ्या, नाहीतर पहिल्याच वळवात बागेची माती आत येईल. काठाखाली तीन इंच अंतरावर तीन इंची पाइप, तोंडावर जाळी. जाळी सपाट लावू नका, एका पानानेही ती बंद होते. पाइपाला टोपी घालून तिला चहूबाजूंनी भोकं पाडा.

तिसरं, फ्लोट व्हॉल्व्हने गळती लपते. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे रोज सेंटीमीटरच्या आसपास पाणी उडेल, म्हणजे पस्तीस-चाळीस लिटर. त्यापेक्षा जास्त जातंय का ते कळायला भिंतीवर रंगाने पातळीची खूण करा आणि पहिला उन्हाळा नळ हाताने सोडा. पाणी उतरत असेल तर पंप एक रात्र बंद ठेवून बघा. उतरणं थांबलं तर गळती ड्रम, वाफा किंवा पाइपात आहे. तरीही उतरत राहिलं तर तळ्यात.